सात नंबरचा होकार

दुर्गा सिस्टर : अजून नाही लावलं रक्त? सुमेधा, बाटली येऊन वीस मिनिटं झाली. खाली डॉक्टरसाहेब तणतणतायत.

सुमेधा : नाही लावलं, सिस्टर. सुई हातात घेतली होती, परत ठेवली.

दुर्गा सिस्टर : का पण? सात नंबर खाट, श्रीराम, अल्सरचं ऑपरेशन, बी पॉझिटिव्ह. बाटलीवर तेच, खाटेच्या कागदावर तेच. नाव विचारलंस ना?

सुमेधा : बाटली टांगता टांगता विचारलं, तुम्ही श्रीराम ना? हो म्हणाले.

दुर्गा सिस्टर : मग झालं की. कशाला फालतू डोकं लावतेस? तीन महिन्यांची कच्ची नोकरी तुझी. साहेबांनी आज काढून टाकलं तर मी काय करणार, सांग.

सुमेधा : ते का मला कळत नाही? बाबांची मिल बंद झाल्यापासून घर माझ्यावरच आहे. पण मग मी विचारलं, टाके दुखतायत का? हो. म्हटलं, म्हणजे दुखत नाहीत? तरी हो. शेवटी विचारलं, तुम्ही इंदूरचे कलेक्टर ना? त्यालाही मान हलवली, दोनदा.

दुर्गा सिस्टर : गुंगीत असेल बिचारा.

सुमेधा : डोळे टक्क उघडे आहेत. माझे बाबा अशीच मान हलवतात, म्हणून तर धस्स झालं. लूम खात्यात सव्वीस वर्षं काढली त्यांनी. त्या खडखडाटात ऐकू काय येणार? जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, काही बोलून गेला की सरळ हो म्हणायचं. आता आई घरात काहीही विचारते, तरी हो. वैतागते ती.

दुर्गा सिस्टर : म्हणजे हेही मिलवालेच?

सुमेधा : हे आणि आठ नंबरचे, दोघं एकाच खात्यातले. दोघांचं पोटाचंच ऑपरेशन, दोघांची दाढी पांढरी. मला या वॉर्डात कालपासूनची ड्यूटी, चेहरे अजून पक्के नाहीत.

दुर्गा सिस्टर : सरक जरा. काका, इकडे बघा, माझ्या तोंडाकडे. तुमचं नाव काय? तुम्ही सांगा.

दौलतराव : माझं? दौलतराव.

दुर्गा सिस्टर : अगं बाई. मग या खाटेवर काय करताय तुम्ही?

दौलतराव : श्रीरामला गरमी सोसेना, अन् पंखा माझ्या खाटेवर. म्हटलं, ये भिया, तू इकडे झोप. त्याच्या सुनेनं हात दिला त्याला. मिलमध्येपण असंच होतं आमचं. त्याला बरं नसलं की त्याच्या सांच्यावर, मागावर, मी उभा राहायचो.

दुर्गा सिस्टर : अन् कागद राहिला खाटेला लटकून. सुमेधा, यांचा ग्रुप काय गं?

सुमेधा : ओ ग्रुप. आठ नंबरच्या कागदावर बघितलं आत्ता.

दुर्गा सिस्टर : ते बी ग्रुपचं रक्त यांच्या अंगात गेलं असतं तर जीवावरच बेतलं असतं. बावीस वर्षं झाली मला, मीपण असंच विचारते. तुम्ही अमुक ना?

सुमेधा : आता डॉक्टरसाहेबांना काय सांगू?

दुर्गा सिस्टर : तू काही नको सांगू, मी बोलते. म्हणेन, पोरीनं उशीर केला, फार बरं केलं. आधी श्रीरामच्या तोंडून नाव घेऊ, मग बाटली दोघी मिळून वाचू. लावल्यावर पंधरा मिनिटं त्याच्यापासून हलायचं नाही. अन् उद्यापासून वॉर्डात सगळ्यांनी असंच विचारायचं, नाव सांगा म्हणून. मीसुद्धा.

(दुर्गा सिस्टर आठ नंबरकडे जाते.)

दौलतराव : बेटा, माझ्याकडून काही गलती झाली काय?

सुमेधा : नाही काका. फक्त ऐकू आलं नाही तर हो म्हणू नका. हात वर करा, मी समोर येऊन परत विचारीन.

दौलतराव : आदत पडली गं. मिलला कुलूप लागलं त्या दिवशी मिलचे साहेब गेटवर येऊन काहीबाही बोलले, सहीसाठी कागद पुढे केला. तेव्हापण मान हलवली मी. परत कोणी विचारलंच नाही. तू विचारलंस.