रिकामी बादली

सोलापूरच्या स्टँडवर मंगळवेढ्याच्या एसटीची वाट बघणाऱ्या रेश्माच्या शेजारी घंटागाडीचं जॅकेट घातलेली एक बाई बसली होती. दुसरी एक बाई त्या जॅकेटवालीपुढं येऊन थांबली.

“बजाबाई का तुमी? शेळगीत कचऱ्याच्या गाडीवर असता?”

“व्हय. तुमी?”

“गौरम्माची लेक, चंद्रिका. आई न्हाणीत पडली तवा शेजाऱ्यांना तुमीच बोलावलं की.”

“रोज दारात कचऱ्याची बादली असायची. त्या दिवशी दिसली न्हाय, मग राहवलं न्हाय.”

“आभार मानायला पालिकेत गेले. ते म्हणाले, माणसं कंपनीची, तितं जावा. कंपनीत म्हणाले, आमचा नुसता ठेका, काम पालिकेचं. शेवटी म्हटलं, तुमालाच गाठावं.”

“आमच्या साहेबानं इचारलं हुतं, गाडी तितं एवढा वेळ का उभी?”

“मग?”

“म्हटलं, एक बादली यायची राहिली हुती.”

चंद्रिका तिच्याजवळ टेकली. बजाबाईनं विचारलं,

“पर आता गौरम्मा नीट जेवत्यात न्हवं? बादली कधीकधी रिकामीच असती.”

“जेवती की. कचरा नसला तरी बादली ठेवतीच. म्हणती, दिसली न्हाय तर बजाबाईच्या जिवाला घोर लागंल.”