ओट्यातला नांगर

पुतणी : काका, सावकाश. सिमेंट अजून चिकटलंय त्याला. स्वयंपाकघराचा ओटा फोडताना निघाला. गवंडी म्हणतो, शंभर वर्षांचा असेल.

काका : त्याला उद्या विमान सापडलं तरी शंभर वर्षांचंच म्हणेल. होडीचा नांगर आहे हा. चार आकड्यांचा, लहान होडीचा.

पुतणी : आई म्हणते, आजोबांचा.

आई : म्हणत नाही, आपलं वाटतं. ओट्याच्या पोटात नांगर कशाला येईल, भाऊजी? डोकंच चालेना. म्हटलं, होडीतलं कळणारे घरात तुम्हीच उरलात.

काका : दादा गेल्यावर आठवण झाली.

आई : आधी बोलावलं असतं तर आला असतात?

काका : नसतो आलो. पोरी, त्या कडीवर पाणी ओत. घासायला काही आहे?

पुतणी : हा घ्या ब्रश. काय दिसतंय?

काका : कडीत बोल्ट आहे.

पुतणी : म्हणजे जुना की नवा?

काका : कडी तुटली होती, तेव्हा बोल्ट मीच ठोकला. वाकडा बसला म्हणून दादाने शिव्या घातल्या. बघ, वाकडाच आहे.

पुतणी : म्हणजे हा बाबांचा? तो... जो तुम्ही...

काका : बोल ना. जो मी चोरला, तो.

आई : भाऊजी, पोरीसमोर कशाला!

काका : गल्लीभर झालं होतं, वहिनी. भांडण नको म्हणून मी नवा घडवून तुमच्या दारात आणून ठेवला. तर दादा म्हणाला, बघा, चोराच्या मनात चांदणं. मग मी हा उंबरा सोडलाच.

पुतणी : पण चोर तो आमच्याच ओट्यात कशाला पुरेल? मला काहीच कळत नाहीये. ओटा आधीचा की नांगर आधी हरवला?

आई : ओटा त्याच सुट्टीतला. तू तिसरीत होतीस. थांबा... भर कमी पडली म्हणून गवंडी बोंबलत होता. हे आंघोळीला बसलेले. आतूनच ओरडले, मागच्या दारी पडलंय ते सगळं घाल!

पुतणी : मागच्या दारी तर भंगार असायचं.

आई : भंगारही असायचं. आणि नांगरही हे तिथेच धुऊन ठेवायचे. शोधायला लागले तोवर ओट्याला गिलावासुद्धा झाला होता.

काका : (नांगर खाली ठेवत) म्हणजे त्यानेच?

पुतणी : बाबांनीच. काखेत कळसा नि गावाला वळसा!

आई : आणि मी त्यावर इतकी वर्षं स्वयंपाक केला. लाज वाटते हो मला. एकदाही तुमची बाजू घेतली नाही मी.

पुतणी : काका, तुम्ही हसताय ना?

काका : मलाच कळत नाहीये, बाळा.

आई : आता दारोदार जाऊन सांगते. सगळ्यांना कळू दे.

काका : सगळ्यांचं काय करू? मी चोरला नाही, हे मला ठाऊकच होतं, वहिनी. त्याला कळायला हवं होतं.