हवा कुणाची?

अरे, माझ्या एअरगनचा बार असा निघायचा की रेंजवर सगळे वळून बघायचे. पण बंदुकीच्या टाकीत पंपाने भरलेली हवा अर्ध्या सरावातच संपायची. एकदा माझ्या पोरीने, पल्लवीने, आतली स्प्रिंग थोडी सैल केली. पुढची गोळी नुसती फुस्स करून सुटली.

माझा दोस्त हिंमतभाई हसला, “आमां दम नथी!”

मी चिडलो, “पल्लू, बंदुकीची हवाच काढलीस की!”

तिने वेग मोजायचं यंत्र दाखवलं. गोळीचा वेग तोच!

“पप्पा, गोळी गेल्यावर मागून जादा हवा सुटायची. तुमचा भडाका म्हणजे ती वाया गेलेली हवा.”

त्या दिवशी एकदाच भरलेल्या हवेत माझा सराव पुरा झाला. हिंमतभाई मात्र आपल्या बंदुकीत हवा भरायला पुन्हा पंप मारून घामाघूम.

मी मिशीवर हात फिरवला, “बोल, रेंजवर हवा कुणाची?”

धापा टाकत तो म्हणाला, “तुझी नाय, छोकरीची!”