डावा मोठा, उजवा बारीक

तुम्हीच सांगा, दोन स्पीकर एकाच खोक्याला जोडलेले, गाणं एक, वीज एक, मग एक बोंबलतोय आणि दुसरा कुजबुजतोय, याला काय म्हणायचं? मला तर काही उमजत नाही बाई. निमगाव केतकीला आमच्या मनिषाची हळद, मांडव भरलेला, जळोचीचं वऱ्हाड आदल्या दिवशीच मुक्कामाला आलेलं, आणि माझा धाकटा भाऊ बिरदेव बारामतीहून आपलं साउंडचं नवं सामान घेऊन हजर. भाचीच्या लग्नात मामानं काय आणावं? शालू आणावा, भांडी आणावीत... यानं आणल्या दोन फिरत्या थाळ्या! एकीवर एक रेकॉर्ड, दुसरीवर दुसरी, आणि पहिलं गाणं संपायच्या आत दुसरं त्यात घुसवायचं. याला म्हणे डीजे म्हणतात. म्हटलं, असू दे, हौस आहे त्याची.

एक स्पीकर लावला डावीकडं, आमच्या भावकीपाशी, दुसरा उजवीकडं, वऱ्हाडापाशी. रेकॉर्ड सुरू झाली मात्र, आमच्याकडं पत्रे थरथरायला लागले, आणि वऱ्हाडाकडं म्हणजे कसं, शेजारच्या घरात कुणी रेडिओ लावलाय असं. नवऱ्या मुलाचे चुलते, म्हस्कूतात्या, उठून माझ्याकडं आले. माणूस हळू बोलणारा, आणि हळू बोलणाऱ्याचीच जास्त भीती वाटते, नाही का? म्हणाले, "साखरबाई, गाणं तुमच्याकडं आन् कुजबुज आमच्याकडं, असं ठरलं हुतं व्हय?" डावीकडं बोंब, उजवीकडं कुजबुज, आणि मी आपली मधोमध उभी.

बिरदेवाला म्हटलं, बाबा, काहीतरी कर, पाहुणे रुसायला लागले. तर तो म्हणाला, स्पीकरच बिघडलाय की मागचं काही, ते बघायला वायरींची अदलाबदल करावी लागती, डावी उजवीला, उजवी डावीला. मी नको म्हणेपर्यंत केलीसुद्धा त्यानं. मग काय, बोंब गेली वऱ्हाडाकडं आणि कुजबुज आली आमच्याकडं. म्हस्कूतात्या मिशीत हसले. सुटले एकदाची म्हणून मी पदरानं घाम पुसतेय, तोवर आमचे दीर गेणूभाऊजी पुढ्यात, मागं सगळी भावकी. "वैनी, पोरगी दिली, तिच्यासंगं आवाज बी दिला व्हय?" मी म्हटलं, भाऊजी, मशीन आहे ते. तर म्हणतात, मशीनला काय कळतंय, वायर कुणाच्या माहेरच्यानं फिरवली? घ्या! म्हणजे इकडं माझं सासर, तिकडं लेकीचं सासर, मागं वायरी घेऊन माझं माहेर, आणि मी आपली मधोमध उभी.

बरं, बिरदेवानं तिथं थांबावं की नाही? तो तर खुशीत! दोन्ही स्पीकर चांगले निघाले ना... म्हणजे दोष मागं, थाळीकडं, आणि त्याची खात्री करायला त्यानं थाळीच्या वायरीच्या लाल-पांढऱ्या पिनाही उलट्या जोडल्या. बोंब परत आमच्याकडं. "आक्का, घावलं," म्हणाला, "सुईपाशीच खोट हाय." त्याला खोट घावली, पण म्हस्कूतात्यांचं काय? दिलेलं काढून घेणं हे न देण्याहून वाईट, हो की नाही? त्यांनी टॉवेल झटकला, खांद्यावर टाकला आणि अगदी हळू आवाजात वऱ्हाडाच्या ड्रायव्हरला म्हणाले, "टेम्पो वळव." टेम्पो वळव... आणि माझी पोर अंगभर हळद लावून पाटावर बसलेली!

गेले मी हात जोडून आडवी. म्हटलं, तात्या, एवढं एक गाणं ऐका. तोवर बिरदेवानं दुसऱ्या थाळीची सुई काढून या थाळीला बसवली, आणि देवाशपथ सांगते, आवाज दोन्हीकडं सारखा. मी मधोमधच उभी, मला नाही कळणार तर कुणाला? पण तात्या म्हणतात, अजून तुमचाच चढा, आणि भाऊजी म्हणतात, त्यांचाच. मग मी काय केलं, तात्यांना नेऊन आमच्या भावकीत बसवलं आणि भाऊजींना वऱ्हाडात. आता तरी पटावं? तात्या म्हणाले, "बगा, हितं लई मोठा लागतोय. मी काय म्हनत हुतो?" आणि भाऊजी तिकडून तेच, शब्दाला शब्द तेच! दुसऱ्याच्या जागेवर बसलं की आवाज मोठाच लागतो का काय, कोण जाणे.

तिकडं टेम्पोचं इंजिन घुरघुरायला लागलेलं. मी गेले आणि साउंडचं बटणच बंद केलं. सगळं गपगार... तात्यांनी कान दिला, भाऊजींनी कान दिला, दोघांनी एकमेकांकडं बघितलं. "आता कसं बराबर झालं," तात्या म्हणाले आणि टेम्पो बंद करायला लावला. बिरदेव मात्र कपाळाला हात लावून थाळ्यांपाशी बसला. त्याला काही उमजेना, मला तर त्याहून नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लग्न लागलं. मंगलाष्टकं भटजींनी नुसत्या तोंडानं म्हटली, मागच्या माणसांना ती ऐकूच आली नाहीत, दोन्हीकडं सारखीच, आणि कुणी रुसलं नाही.