रिंगणाचा सदरा

सासरे : चहा राहू दे गं खाली, आधी कालवडीची शेपटी बघ. गोंडा विंचरलाय मी. दिसते की नाही नवरीसारखी?

सून : दिसते. पण आबा, पहाटेपासून टेकला नाहीत तुम्ही. गुडघे काय म्हणतायत?

सासरे : गुडघ्यांना सांगितलंय, आज गप्प बसा, काय भांडायचं ते उद्या भांडू. खुरांना तेल लावलंस?

सून : लावलं. कान पुसले. डोळ्यांच्या कडासुद्धा पुसल्या. आबा, तो समोरच्या छपरातला वळू बघा ना, केवढा घोरतोय.

सासरे : वळू नाही गं, त्याचा मालक घोरतोय, गवताच्या पेंढ्यांवर. पोटं बघ दोघांची, एकाच मापाची. रिंगणात कोण कोणाला ओढत नेणार, देव जाणे.

सून : हळू बोला! उठतील ते.

सासरे : हसलीस. किती दिवसांनी हसलीस पोरी.

सून : हे असते तर याहून वाह्यात काहीतरी बोलले असते, म्हणून हसू आलं.

सासरे : बोललाच असता. माझाच मुलगा. आता थोड्या वेळाने लाउडस्पीकरवर नाव पुकारतील, ‘चिंधी’! सगळं मैदान फिदीफिदी हसेल. मी त्याला किती वेळा म्हटलं, अरे, निदान प्रदर्शनापुरतं तरी बरं नाव ठेव तिचं. ऐकेल तर शपथ.

सून : चिंधीच होती ती. जन्मली तेव्हा पोत्यावर अंग टाकून पडली होती, मान उचलवत नव्हती. तुम्हीच म्हणालात, ही काही जगत नाही.

सासरे : म्हणालो. आणि तो बाटली घेऊन तिच्यापाशी बसला तो बसलाच. तू नवीन लग्न होऊन आलेली, तुझ्याकडे बघायला वेळ नव्हता त्याला.

सून : मी रुसले होते तेव्हा. कालवडीवर कोणी सवत म्हणून रुसतं का? मी रुसले.

सासरे : आणि आज तूच तिला रिंगणात नेतेस. तो असता तर छाती फुगवून उभा राहिला असता इथे. बरं, आता कपडे बदलून घे. तुझ्या पिशवीत बघ, तळाशी. गंमत आहे.

सून : कसली गंमत? तळाशी सदरा आहे यांचा. तो मी अगदी शेवटी काढणार. रिंगणाच्या दाराशी गेल्यावर.

सासरे : अगं, काढ तर. बघ तर खरं.

सून : आबा, इथे प्लास्टिकची पिशवी होती. गाठी मारलेली.

सासरे : केवढ्या त्या गाठी! सोडता सोडता नखं तुटली माझी. पुढे बघ ना.

(ती घडी घातलेला पांढरा सदरा काढते, उलगडते, नाकाशी धरते. कॉलर उलटून बघते.)

सासरे : काय गं? पिवळा राहिला का कुठे? मी उजेडात धरून बघितला होता.

सून : हा कोणी धुतला?

सासरे : मी! काल तू हिला नदीवर घेऊन गेलीस ना, तेव्हा. जन्मात कधी रुमाल धुतला नव्हता मी. आधी गरम पाण्यात भिजवला, मग साबण आणि सोडा, मग नीळ घातली. नीळ जरा जास्तच पडली, मग परत पाणी घातलं. शेजारणीकडून इस्त्री आणली. तिनं विचारलं, आबा, लग्नाला निघालात का?

सून : कॉलरसुद्धा घासलीत?

सासरे : कॉलर तर ब्रशने घासली. तिथंच सगळ्यात जास्त मळ होता.

सून : मळ नव्हता तो, आबा.

सासरे : काय झालं? अगं, असं काय करतेस? बस, बस इथे.

सून : मळ नव्हता तो. हे होते ते. एवढेच उरले होते. तुम्ही धुऊन टाकलंत यांना.

सासरे : पोरी...

सून : त्या दिवशी संध्याकाळी हे हिला अंगणात फिरवून आले, हाच सदरा काढून खुंटीला लावला आणि म्हणाले, पाणी दे गं, छातीत कसंतरी होतंय. मी पाणी घेऊन आले तोवर... त्यानंतर त्यांचं सगळं सगळं धुतलं गेलं. उशी, चादर, टॉवेल. आलेल्या बायकांनीच धुऊन टाकलं, मला कोणी विचारलंसुद्धा नाही. हा एक तेवढा वाचवला होता मी. हिला फिरवून आणलं की लगेच पिशवीत बांधून ठेवायची, वास उडून जाऊ नये म्हणून. रोज रात्री एक गाठ सोडायची, जरासा घ्यायचा, परत बांधायची. जास्त घेतला तर संपेल म्हणून भीती वाटायची.

सासरे : मला वाटलं घामाचा कपडा तसाच कोंडून ठेवलायस. कुबट वास येईल म्हणून...

सून : आणि प्रदर्शन होईपर्यंत धुवायचा नाही असं त्यांनीच सांगितलं होतं. रोज तोच घालून फिरवायचे हिला. म्हणायचे, रिंगणात गर्दी असते, भोंगे असतात, बिथरेल ती, ओळखीचा वास असला की मागे मागे येईल. पाण्याला लावू नकोस हं, असं शंभरदा बजावलं होतं मला.

सासरे : मला कुठे ठाऊक होतं गं हे?

सून : ते गेल्यावर मी हिला फिरवत होते ते दिसत नव्हतं तुम्हाला? सदरा खांद्यावर टाकलेला असायचा माझ्या. अंगात नाही घातला कधी. माझा वास लागेल म्हणून.

सासरे : दिसत होतं. मला वाटायचं, मापाला मोठा आहे म्हणून खांद्यावर टाकते. आणि मनात म्हणायचो, किती मळलाय, माझ्या मुलाचा सदरा, लोक बघतात. आम्ही प्रदर्शनाला जायचो तेव्हा तुझी सासू आदल्या दिवशी आम्हा दोघांचे सदरे असे पांढरे काढायची की डोळे दिपायचे. ती गेली, तोही गेला. आता घरात हे करणारं कोण, मीच ना? म्हणून बसलो धुवायला. घासताना बोलत होतो त्याच्याशी. म्हटलं, बघ लेका, तुझा बाप तुझे कपडे धुतोय. आणि मीच... मीच पुसून टाकला गं त्याला. या हातांनी.

सून : रडू नका.

सासरे : मार मला. ओरड तरी.

सून : काय ओरडू? बघा हात तुमचे. सोड्याने सालटं निघालीत.

रिंगणवाला : कालवडीवाले! अहो, चिंधी कोणाची? चिंधीवाले इकडे! पुढची बारी तुमची आहे, दाराशी या.

सासरे : नको जाऊया. परत जाऊ घरी.

रिंगणवाला : कोण नेणार आत? ताई, तुम्ही? मग पांढरा सदरा घाला लवकर, त्याशिवाय सोडत नाहीत. असू दे असू दे, डोळे पुसा आधी. पहिल्यांदा सगळ्यांनाच भीती वाटते.

सून : घालते. दोन मिनिटं थांबा.

सासरे : पोरी, खरंच नको. ती चालणार नाही. बघ, तू सदरा पुढे केलास तर मान फिरवली तिने.

सून : साबणाचा वास येतोय ना तिला. ये गं. ये, चिंधे. अशी काय करतेस? मीच आहे.

सासरे : पाय रोवलेत तिने. ओढू नकोस, बिथरेल.

सून : ओढत नाही. आबा, तिच्यासाठी दिवस न् रात्र एक केली होती यांनी. एकदा, फक्त एकदा रिंगणात चालताना बघायची होती तिला. बक्षीस वगैरे काही नको होतं. तेवढं तरी मला करू द्या. तेवढंही नाही जमलं तर मी घरी जाऊन त्या खुंटीकडे बघू कशी?

रिंगणवाला : ताई, चला हो. मागची बारी खोळंबली.

सासरे : थांबा जरा! जनावर आहे ते, यंत्र नाही. पोरी, तो काय बोलायचा तिच्याशी? फिरवायला काढताना? काहीतरी म्हणायचा बघ दावं सोडताना.

सून : ते नाही मला म्हणता येणार.

सासरे : का?

सून : मलाही तेच म्हणायचे ते. कुठे बाहेर निघालो की दाराशी उभे राहून. मी चिडायची, म्हणायची, गाईला आणि बायकोला एकच हाक? तर हसायचे आणि अजून मोठ्याने म्हणायचे. ते गेल्यापासून कोणी म्हटलं नाही तसं. माझ्या तोंडून निघालं तर... त्यांचा आवाज निघून जाईल हो माझ्या कानातून. वास गेला. आता आवाजही देऊ?

सासरे : नको मग. नको देऊस. आण इकडे दावं, मी बघतो.

सून : तुमचे गुडघे चालणार आहेत का रिंगणभर?

सासरे : नाहीत.

(ती सदरा अंगात चढवते.)

सून : तुम्ही जरा तिकडे तोंड करा, आबा.

सासरे : हं. केलं.

सून : चला बाईसाहेब. उशीर होतोय.

रिंगणवाला : अरे वा! कान टवकारले बघा तिने.

सून : चला, बाईसाहेब. लोक वाट बघतायत आपली.

सासरे : चालली! अगं, चालली बघ! आपल्या पायांनी चालली!

सून : माझ्याकडे नाही बघत ती, आबा. माझ्या मागे बघतेय. तिकडे, गर्दीत. मान वळवून वळवून शोधतेय त्यांना.

रिंगणवाला : हो, बाजूला व्हा मंडळी, वाट द्या! ताई, कडेकडेने एक फेरी मारायची, घाई नको.

सून : काय करू, आबा?

सासरे : जा तिच्याबरोबर. सगळं रिंगण फिरव. बघू दे तिला.