सगळ्यात आधी फोन करणारे बाबा

तुम्ही मला हसता ना, कंप्युटर लावला की मी पाच मिनिटं त्याला हात लावत नाही म्हणून? मग ऐका.

दुष्काळात मी इथंच शहरात, टँकर पाठवणाऱ्या एका ऑफिसात कंप्युटर सांभाळायचो. एक दिवस पिशोरकडचे, मेंढरं राखणारे एक म्हातारे बाबा थेट आत आले.

"रोज आठाच्या ठोक्याला फोन करतो साहेब. रेंजसाठी टेकडीवर चढून, सगळ्यांच्या आधी. समद्यांकडं टँकर जातो, आमच्याच वस्तीवर नाय."

फोन घेणाऱ्या बाई गोंधळल्या. "सर, यांची नोंद मी स्वतः केलीय. पण यादीत एकही दिसत नाही."

"म्हंजी मी खोटं बोलतो व्हय?"

मी शोधायला बसलो. मशीन आठला चालू व्हायचं आणि नोंदीचा प्रोग्राम लगेच आपोआप सुरू व्हायचा. पण यादी ज्या वेगळ्या डिस्कवर होती, ती जोडली जायला पाच मिनिटं लागायची. तोवरच्या नोंदी त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरात पडायच्या, आणि मग डिस्क त्यांच्यावर झाकणासारखी बसायची, खालचं काही दिसायचं नाही. मी डिस्क काढून बघितली. खाली अकरा नोंदी निघाल्या. सगळ्या या बाबांच्या.

"सापडल्या बाबा! आता डिस्क जोडल्याशिवाय प्रोग्राम सुरूच होणार नाही. आजच टँकर पाठवतो."

"कुणासाठी? वस्ती कालच उठली. मेंढरं निम्मी राहिली. मी फकस्त विचारायला आलो, माझं काय चुकलं?"

आता सांगा, काय बोलणार होतो मी? बाबा, तुम्ही पाच मिनिटं उशिरा फोन करायचा होता?