लसमाफीचं कारण

सोमवारपासून ज्यूनीची बालवाडी सुरू होणार होती. त्याआधी लस टोचून घ्यायची, नाहीतर धर्मासारखं कारण देऊन पालकांनी लशीतून माफी मागायची, असा नियम होता. अमेरिकेत, ओहायोतल्या आरोग्य कार्यालयात ज्यूनी आणि तिच्या वडिलांच्या मागे रांगेत उभी असलेली मार्ला आपला फॉर्म भरायचा सोडून ऐकत राहिली.

“नर्सबाई, लसमाफी हवी.”

“कारण, मिस्टर टकर?”

“धार्मिक लिहा.”

“बाबा, तू तर चर्चला फक्त डोनट खायला येतोस!”

“ज्यूनी, गप्प!”

“खरं कारण सांगा बघू.”

“तिला सुई टोचलेली मला बघवत नाही हो.”

“मग बघू नकोस ना, बाबा. डोळे मीट.”

“तू रडलीस तर?”

“तू माझा हात धर.”

दोघं आत गेली. दार लोटलं गेलं. मार्ला कान देऊन उभी होती.

“बाबा, सोड ना हात. कधीच झालं!”